ठिपक्याभोवतीचं पिवळं कडं

सोमवार, ५ ऑगस्ट

आज आलबनची तेलाची वही कपाटातून काढली. फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. कुवेतच्या बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन असताना लागलेली ही सवय. इंजिनातली तेल मोजायची डिपस्टिक ओढायची, टोकावरचा एक थेंब कागदावर पाडायचा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहायचे. थेंब वाळून जो ठिपका उरेल, त्यावरून तेल अजून किती चालेल ते तो सांगायचा. सुट्टीवर मंगळूरला आला की पाहुण्यांच्या गाड्यांनाही सोडायचा नाही. माझी आई म्हणायची, "हिल्डा, हा डॉक्टर झाला असता तर लोकांचं रक्त असंच कागदावर सांडत बसला असता."

वही काढण्याचं कारण लेकीचा, शॅरलचा फोन. बेंगळूरच्या डॉक्टरांची तारीख मिळाली, १० सप्टेंबर. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करण्यात त्यांचं नाव आहे. ही तारीख चुकली तर पुढची जानेवारीत, आणि इथल्या थेरपिस्टबाईंनी मला स्वच्छ सांगितलंय की जे काय परत यायचं ते पहिल्या वर्षातच येतं. शॅरल म्हणाली, "ममी, टॅक्सी कर." जूनमध्ये टॅक्सी करून पाहिली होती. परक्या गाडीत बसवताच आलबनने अंग असं ताठ केलं की ड्रायव्हरच घाबरला. आमच्या गाडीतली पुढची सीट त्याच्या अंगाची झाली आहे. मीच चालवेन. वाटेतला शिराडी घाट मी पहिल्यांदा चढवला तेव्हा शॅरल पोटात होती.

प्रश्न एवढाच की गाडीचं तेल तोवर चालेल का. मेकॅनिक जयरामने मागच्या सप्टेंबरात सिंथेटिक तेल घातलं तेव्हा म्हणाला होता, "पंधरा हजार किलोमीटर बघायचंच नाही टीचर, किंवा एक वर्ष." आज काटा सांगतो की त्यानंतर सहा हजार दहा झाले. म्हणजे निम्म्यालाही पोचलो नाही. पण आलबन पुस्तकातल्या आकड्यावर कधीच विसंबला नाही.

त्याच्या वहीत माझा ठिपका उमटवणं धाडसाचं वाटलं. म्हणून माझ्या या डायरीच्या डाव्या पानावर घेतला. मधला गाभा राखाडी, फार काळा नाही. काळा म्हणजे वाईट, एवढं मला कळतं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

रोजची फेरी झाली. कुलशेकरच्या घरून कंकनाडीला, चार किलोमीटर. त्याची थेरपी चालते तेवढा वेळ मी गाडीतच बसते, काचा धुरकटतात म्हणून एसी लावून. आज गाडी बंद करून किल्ली काढली तरी आतला पंखा मोठ्याने फिरत राहिला. तिलाही माझ्यासारखं लगेच गप्प बसता येत नाही. समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवाही लागला होता, घरी येईपर्यंत विझला.

आलबनकडे एकच शब्द उरलाय, "सायबा". भूक लागली, सायबा. ऊन आलं, सायबा. मी चिडले, सायबा. बाकी सगळं सुरात असतं. ऐकणारा कान मात्र हवा.

सोमवार, १२ ऑगस्ट

दुसरा ठिपका. गाभा मागच्या आठवड्याहूनही फिका! भोवती एक पिवळसर कडं पडलंय, चर्चमधल्या संतांच्या डोक्यामागे असतं तसं. आणि लेव्हल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेला टेकली आहे. तेल न खाणारं इंजिन म्हणजे लाखातलं इंजिन, हे वाक्य मी आलबनकडून किती वेळा ऐकलं असेल.

डिपस्टिक पुसलेलं फडकं त्याच्या नाकाशी नेलं, जुन्या दिवसांची आठवण म्हणून. कुवेतहून यायचा तेव्हा सगळी बॅग सेंटने माखलेली असायची, आणि तरी शर्ट उलगडला की खालून हाच वास. आज त्याने लांब श्वास घेतला, डोळे मोठे केले आणि माझं मनगट धरलं. "सायबा, सायबा, सायबा." डोळ्यांत पाणी. मीही रडले.

शनिवार, १७ ऑगस्ट

पुढच्या सोमवारची वाट न पाहता आजच डिपस्टिक ओढली. लेव्हल खुणेच्या वर गेली आहे, करंगळीच्या नखाएवढी. तेल आपोआप वाढत नाही. कुणीतरी घालतंय.

कोण घालणार? गाडी कुंपणाशी उभी असते, बॉनेटचं कुलूप बिघडलंय, आणि कुंपणापलीकडे ग्रेशन. फणसाच्या फांदीवरून दोन वर्षं आमच्याशी बोलत नाही. आलबनचा लहानपणापासूनचा मित्र, मस्कतला असतानाही दर ख्रिसमसला फोन करणारा. झटका आला त्या दिवशी फाटकापर्यंत आला आणि परत फिरला, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. तोंडाने माफी मागणं त्याला कधी जमलं नाही. हे त्याचंच काम.

रविवार, १८ ऑगस्ट

चर्चमधल्या मासवरून येताच अळूची पानं काढली, पत्रोडे केले आणि डबा घेऊन कुंपणापाशी गेले.

"ग्रेशन, मला सगळं कळलंय."

बिचाऱ्याच्या हातातला पाण्याचा पाइप खाली पडला. "काय कळलं, हिल्डाबाई?"

"गाडीत तेल तूच घालतोस ना?"

तो डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेल? हां... म्हणजे... थोडंसंच. शेजारी आहोत ना."

"चांगल्यातलं घालतोस?"

"मस्कतमध्ये वीस वर्षं काढलीत मी! वाईटातलं घालीन?" आणि लगेच, "गरम आहेत का?"

दोन वर्षांनी तो आमच्या व्हरांड्यात बसला. आलबनचा खांदा दाबून म्हणाला, "काय रे फोरमन, माझ्याशी न बोलण्यासाठी एवढं नाटक?" आलबन हसला, अर्ध्या तोंडाने, पण हसला. फणसाचा विषय कुणी काढला नाही.

सोमवार, १९ ऑगस्ट

तिसरा ठिपका. गाभा फिकाच. पिवळं कडं आता रुपयाएवढं. आलबनला दाखवलं तर त्याने डाव्या हाताचं बोट त्या कड्यावरून फिरवायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, दहादा. गाभ्याकडे बघतही नाही. थेरपिस्टबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, गोल काढता येणं ही चांगली खूण आहे. मी त्याला पेन्सिल दिली. ती त्याने फेकून दिली.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

आज वाईट दिवस. पिवळा दिवा दोनदा लागला. पंखा पुन्हा. आणि आलबन तेलाच्या वहीच्या मागे लागलाय. सकाळी कपाटाकडे हात करून सायबा-सायबा सुरू. वही दिली तर डाव्या हाताने भराभरा पानं उलटतो, पानं दुमडतात, फाटतात. माझ्या अंगावर काटा येतो. चाळीस वर्षांची वही आहे ती. आमच्या लग्नाच्या आठवड्यातलाही एक ठिपका आहे तिच्यात, माझ्या भावाच्या ॲम्बॅसडरचा.

मंगळवार, २७ ऑगस्ट

त्याने एक पान उभंच्या उभं फाडलं आणि माझ्या हातात कोंबलं. मी ओरडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. "लहान मुलासारखा काय वागतोस? ही तुझीच वही आहे, आलबन!" पान पुसट अक्षरांचं, कुवेतच्या कुठल्याशा बसचं. ते परत वहीत सरकवलं आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या साड्यांच्या कप्प्यात.

तो दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवला नाही. मी खोलीत गेले की डोळे मिटायचा.

आमच्या शाळेतल्या सिस्टर इव्हान्जेलिन म्हणायच्या, डायरीत आपली चूक लिहायची नसेल तर डायरी लिहूच नये. म्हणून लिहिते. वही फाटली म्हणून मी ओरडले नाही. हा माणूस आतून रिकामा होत चाललाय या भीतीने ओरडले.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

मोंतीच्या सणाची, देवमातेच्या जन्मदिवसाची, नऊ दिवसांची नोव्हेना सुरू झाली. मुलं फुलांच्या टोपल्या घेऊन चर्चला जाताना दिसली. आम्हीही असेच जायचो, शेवंती मिळाली नाही तर शेजारणीच्या कुंपणावरची चोरून.

नोव्हेनात मी एकच मागणार आहे. त्याचा आवाज. गाणं नको, भाषण नको. माझं नाव घेतलं तरी पुरे.

सोमवार, २ सप्टेंबर

पाचवा ठिपका. कड्याने पानाची ओळ ओलांडली. लेव्हल खुणेच्या वर अर्धं बोट. राहवेना, जयरामला फोन केला. मागे हातोड्यांचा आवाज. सात तारखेला चौथ, त्याआधी सगळ्यांना गाड्या हव्यात.

"टीचर, झाले किती?"

"सहा हजार दोनशे."

"अहो, मग ते तेल अजून बाळ आहे! लेव्हल कमी झाली का?"

"नाही रे, उलट वाढली आहे. खुणेच्या वर अर्धं बोट."

त्याने मागचे हातोडे थांबवायला लावले. "वाढली? वाढणार कशी? कुणी घातलं?"

"शेजारच्या ग्रेशनने. मला न सांगता घालतो."

"असं होय!" त्याने श्वास सोडला. "मी घाबरलोच होतो. त्यांना म्हणावं, आता पुरे, जास्त तेलही बरं नाही. येऊन थोडं काढून टाकलं असतं, पण चौथीपर्यंत मान वर करायला वेळ नाही. तुम्ही जाऊन या, आल्यावर बघू."

कशाला घाबरला होता, ते विचारायचं राहून गेलं.

ग्रेशनला निरोप दिला. तो म्हणाला, "हो हो, बंद केलं. आजपासून एक थेंब नाही." कानापर्यंत लाल झाला होता. चांगुलपणा पकडला गेला की माणसं अशी लाजतात.

शनिवार, ७ सप्टेंबर

लेव्हल आणखी वर. ग्रेशन शब्दाला पक्का नाही. आता त्याच्याशी भांडण नको, सणाचे दिवस आहेत. परवा पहाटे निघायचं.

फडक्याचा वास आज मलाही वेगळा वाटला. पेट्रोलपंपावर उभं राहिल्यासारखा. माझं नाकही आता म्हातारं झालं.

रविवार, ८ सप्टेंबर

मोंती फेस्त. नव्या भाताचे दाणे घालून खीर केली, भाज्या पाच. ताटावर आम्ही दोघं आणि ग्रेशन. पहिला घास मी आलबनला भरवला. त्याने तो गिळला, मग माझा हात धरून खिडकीबाहेर गाडीकडे दाखवलं आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. पुन्हा.

"उद्या जायचंय ना तुला बेंगळूरला?"

मान डावीकडे, उजवीकडे.

ग्रेशन म्हणाला, "घाबरलाय. डॉक्टर म्हटलं की हा शाळेतही बाकाखाली लपायचा."

मंगळवार, १० सप्टेंबर, बेंगळूर, शॅरलच्या घरी

कालचं सगळं लिहून ठेवते.

पहाटे साडेपाचला निघालो. त्याआधी आलबनने गाडीचं दार धरलं. डाव्या हाताने, बोटं पांढरी होईपर्यंत. "सायबा!" असा सूर मी कधी ऐकला नव्हता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. पाचही. ग्रेशनने त्याला उचलून सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. हे मी केलं. हे लिहायलाच हवं.

घाटाच्या पायथ्याच्या गुंड्या गावापर्यंत गाडी ठीक होती. घाट सुरू झाला, पुढे ट्रकची रांग. एका वळणानंतर रस्ता मोकळा दिसला म्हणून जोर दिला, ट्रक मागे टाकला आणि पाय उचलला. गाडीने जोर सोडला नाही. मला वाटलं पाय अडकलाय. खाली बघितलं तर पाय हवेत होता. इंजिनाचा आवाज चढत गेला, किंचाळल्यासारखा. आरशात मागचं काही दिसेना, सगळा पांढरानिळा धूर. ब्रेक आणि क्लच दाबून गाडी कशीबशी कडेच्या कठड्याशी आणली. किल्ली फिरवून काढली. इंजिन चालूच. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन किंचाळतंय! पलीकडे दरी, मागे ट्रकचे हॉर्न.

क्लच मी तसाच दाबून धरला होता. तेवढ्यात आलबनने डावा हात स्वतःच्या छातीवरून आडवा आणला, गिअरचा दांडा धरला आणि सगळं अंग टाकून तो वरच्या गिअरमध्ये ढकलला. मग त्याच मुठीने माझ्या डाव्या गुडघ्यावर मारलं. जोरात. पुन्हा. तेहतीस वर्षांपूर्वी गाडी शिकवताना मारायचा तसं. आणि मला कळलं. ब्रेक गच्च दाबून धरला आणि क्लच सोडला. गाडीने एक मोठा हिसका दिला, दोघांची डोकी पुढे गेली, आणि ती मेली.

काय शांतता झाली! पक्षी ऐकू आले. आलबन मागे टेकला होता, घामाने चिंब. "सायबा," म्हणाला. हळू.

ट्रकवाल्यांनी गाडी उतारावर गुंड्यापर्यंत ओढून नेली. तिथे उमरब्बा म्हणून म्हातारे मेकॅनिक आहेत. त्यांनी डिपस्टिक ओढली, बोटांत तेल चोळलं, हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी विद्यार्थिनी झाले.

"अम्मा, हे तेल नाही. यात डिझेल उतरलंय."

"पण सहा हजार तीनशेच झालेत. पंधरा हजार सांगितलेत."

"किलोमीटर कोण विचारतंय? रोज कुठे जाते गाडी?"

"चार किलोमीटर. मग एसी लावून उभी. मग चार किलोमीटर परत."

"तेच ते. धुराच्या नळीत जाळी असते, तिच्यातली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. लांब रस्ता असला तर सगळं जळून जातं. तुम्ही मध्येच बंद करता. मग ते डिझेल खाली तेलात उतरतं. पिवळा दिवा लागत होता?"

"लागायचा."

"गाडी थांबवली तरी पंखा फिरायचा?"

"फिरायचा."

त्यांनी खालचा बोल्ट काढला. पाच लिटर मावणाऱ्या पोटातून जवळजवळ सात लिटर निघालं, पाण्यासारखं पातळ. "लेव्हल एवढी चढली की इंजिन स्वतःचंच तेल ओढून पळत सुटतं. मग किल्लीला कोण विचारतो? आणखी मिनिटभर चाललं असतं तर तुकडे झाले असते. बंद कुणी केलं?"

मी आलबनकडे बोट दाखवलं. तो दुकानाच्या बाकावर बसून सांडलेल्या तेलाकडे बघत होता. उमरब्बांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, हात पुसले आणि त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. "कुठल्या वर्कशॉपला होतात, उस्ताद?"

ग्रेशनला फोन केला. तो दोन तासांत त्याची गाडी घेऊन आला. उतरल्या उतरल्या उमरब्बांना म्हणाला, "माझ्यामुळे झालं का?"

"तू किती घातलं होतंस?" मी विचारलं.

"हिल्डाबाई, एक थेंबसुद्धा नाही." तो रडायच्या बेतात होता. "त्या दिवशी तू डबा घेऊन आलीस. दोन वर्षांनी माझ्याशी बोललीस. तू म्हणाली असतीस की चर्चचा घुमट तूच बांधलास ना, तरी हो म्हटलं असतं."

मला राग आला आणि हसू आलं. आधी राग, तो घाट संपेपर्यंत टिकला. तेवढा वेळ तो गाडी चालवत होता आणि आलबन त्याच्या शेजारी शांत बसला होता. परक्या गाडीची भीती वगैरे काही नाही. ती मीच ठरवली होती.

आज डॉक्टरांनी दोन तास तपासलं. शेवटी मला विचारलं, "यांना सभोवतालचं किती समजतं, असं तुम्हाला वाटतं?" सहा महिने या प्रश्नाला मी "थोडंफार" म्हणत आले. आज "सगळं" म्हटलं. शब्द परत येतील, डॉक्टर म्हणाले, पण हळूहळू, आणि सगळे नाहीत. तोवर त्यांना खुणेनं सांगू द्या, उत्तराला वेळ द्या, त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका.

शनिवार, १४ सप्टेंबर, घरी

कुलूप काढलं. फाडलेलं पान वाचलं. १९९३, बस क्रमांक १७. ठिपक्याभोवती असंच रुंद पिवळं कडं, त्यावर पेन्सिलीचा गोल, आणि शेजारी त्याचं तिरपं इंग्रजी अक्षर: यात डिझेल आहे, आकडा काहीही सांगो, ही बस आज बाहेर काढू नका.

हे पान त्याने सत्तावीस ऑगस्टला माझ्या हातात दिलं होतं. मी ओरडले होते.

पान त्याच्यापुढे ठेवून मी माफी मागितली. त्याने पान बाजूला सारलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. लगेच माफ केलं नाही. करूही नये.

बुधवार, ३० ऑक्टोबर

गाडी नव्या तेलावर सहाशे किलोमीटर चालली आहे. आता दर रविवारी आम्ही तिला लांब नेतो, कारकळच्या रस्त्याने चाळीस किलोमीटर, मागे ग्रेशन गाणी म्हणत. एसी लावून उभं राहणं बंद. आज जयराम आला. तो घाटातल्या प्रकाराने माझ्याहून जास्त हादरलाय. डिपस्टिक ओढून थेंब कागदावर पाडला, वाळू दिला, उजेडात धरला.

"आता हे पाच हजाराला बदलू, टीचर. नाही तर चारलाच? तुम्ही सांगा."

"मला काय विचारतोस? त्यांना विचार."

तो आलबनच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला आणि कागद पुढे धरला. आलबनने तो डाव्या हातात घेतला. नाकाशी नेला. बोट ठिपक्याच्या कडेवर टेकवलं. वेळ गेला, बराच वेळ. जयराम चुळबुळला, माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेबांना बहुतेक असं म्हणायचंय की..."

"गप्प बस," मी म्हटलं. "ते सांगताहेत."